जुन्या ब्रॉन्कोच्या मागच्या कमानी कापताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांकडे १९७४ ची फोर्ड ब्रॉन्को आहे. तिच्या मागच्या चाकांच्या कमानी अजून मूळ आकारात आहेत, गाडी अडीच इंच उचललेली आहे आणि सध्याचे ३१ इंची टायर खडबडीत वाटेवर मागच्या कमानीला घासतात. त्यांना आता ३३ इंच व्यासाचे आणि साडेबारा इंच रुंदीचे टायर बसवायचे आहेत. पत्रा किती कापावा, कोणत्या रेषेवर कापावा आणि कापल्यावर उघडी पडणारी कड कशी बंद करावी, अशी त्यांची विचारणा आहे. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढतो, म्हणजे त्रिज्या एका इंचाने वाढते. तेव्हा कमान सर्वत्र एक इंच मोठी केली की काम भागेल, असा त्यांचा हिशेब आहे.

हा हिशेब उभ्या गाडीपुरता बरोबर आहे. चालत्या गाडीचे चाक मात्र एका जागी राहत नाही. ते वर-खाली होते, थोडे पुढे-मागे सरकते आणि कलतेही, त्यामुळे कमानीचा आकार टायरच्या त्रिज्येवरून न ठरता टायर ज्या ज्या ठिकाणी पोहोचू शकतो त्या सगळ्या जागांच्या एकत्रित हद्दीवरून ठरतो. म्हणून ‘इतके इंच कापा’ असा आकडा मी देणार नाही. ती हद्द तुमच्याच गाडीवर कशी शोधायची ते सांगतो, कारण त्याच वर्षाच्या दोन गाड्यांतही ती सारखी निघत नाही.

त्याआधी कापावे की नाही याविषयी. पहिल्या पिढीची ब्रॉन्को १९६६ ते १९७७ या मॉडेल-वर्षांत बनली आणि तिच्या मागच्या कमानी त्या काळच्या अरुंद, लहान टायरांच्या मापाने ठेवलेल्या होत्या. मोठ्या टायरांसाठी त्या कापण्याची रीत आजची नाही. शर्यतीच्या गाड्या बांधणारे बिल स्ट्रॉप यांच्या कार्यशाळेतून १९७१ ते १९७५ या काळात आलेल्या बाहा ब्रॉन्कोला कापलेल्या कमानी आणि त्यांवर फ्लेअर, म्हणजे टायर झाकणाऱ्या बाहेर आलेल्या पट्ट्या, होतेच. त्यामुळे कमान कापणे म्हणजे गाडीची विटंबना, असे मी मानत नाही. पण पुढे इतक्या गाड्या कापल्या गेल्या की न कापलेली गाडी दुर्मीळ झाली, आणि आज अशा गाडीला वेगळी किंमत मिळते. पुढचे मडगार्ड बोल्टवर बसतात. ते काढून जपून ठेवता येतात आणि कापण्यासाठी दुसरा जोड आणता येतो. मागचा क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकाभोवतीचा बाजूचा पत्रा, मात्र बॉडीला वेल्ड केलेला असतो, तेथे कापलेले परत मिळवायचे तर अख्खा पॅनेल बदलावा लागतो. तुमच्या गाडीचा मागचा पत्रा मूळचा, निरोगी आणि गंजमुक्त असेल, तर साडेदहा इंच रुंदीचा टायर तुमचे काम भागवतो का, हे एकदा पाहा. तोच पत्रा खालून कुजलेला असेल आणि नाहीतरी तुकडे जोडावेच लागणार असतील, तर निर्णय सोपा होतो.

गाडी आणखी उचलली तर कापणे टळेल, असाही एक समज आहे. स्प्रिंग उंच केल्याने उभ्या गाडीत टायर आणि पत्रा यांत अंतर पडते हे खरे. पण चाक वर येऊन शेवटी कोठे थांबते हे स्प्रिंग ठरवत नाही, बंप स्टॉपचा, म्हणजे आसेचा वरचा प्रवास थांबवणाऱ्या ठोकळ्याचा, रबर ठरवतो. तो रबर मूळ जागीच असेल तर पूर्ण दबलेल्या अवस्थेत टायर पूर्वीइतकाच वर येणार आणि पूर्वीइतकाच घासणार. रबर खाली आणला तर टायर वाचतो, पण चाकाचा वर जाण्याचा प्रवास कमी होतो आणि गाडी खडकांवर आदळू लागते. कमान कापण्याचे खरे कारण हा प्रवास वाचवणे हे आहे.

आता मापाकडे येऊ. या कामात निम्म्याहून अधिक वेळ मापात गेला पाहिजे. गाडी सपाट जमिनीवर, चौकटीखाली (चॅसिसखाली) भक्कम लोखंडी घोड्या लावून उभी करा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. मागचे शॉक ॲब्सॉर्बर काढा आणि पाट्यांच्या गड्डीतले मुख्य पान तेवढे ठेवून बाकीची पाने काढा. मुख्य पान ठेवल्यामुळे आस आपल्या खऱ्या मार्गानेच वर-खाली होते आणि बाकीची पाने नसल्यामुळे ती साध्या जॅकने बंप स्टॉपपर्यंत नेता येते. ब्रेकचा रबरी पाइप खालच्या टोकाला ताणला जात नाही ना, याकडे लक्ष ठेवा. आस बंप स्टॉपला टेकली म्हणजे शेवट आला असे समजू नका, कारण जोराच्या आदळ्यात रबर स्वतः दबतो. मी तो साधारण निम्म्यापर्यंत दबेल असे धरून त्याच्या जागी त्या जाडीचा लाकडी ठोकळा ठेवतो.

रेषा काढण्यासाठी मी एक साधे साधन वापरतो. चाक काढून हबच्या बरोबर मध्यावर एक लाकडी चकती बसवायची आणि तिच्यात खिळ्यावर फिरणारी सरळ पट्टी अडकवायची. ३३ इंची टायरची छापील त्रिज्या ४१९ मि.मी. होते. प्रत्यक्ष टायर छापील मापापेक्षा थोडा कमी-जास्त भरतो, म्हणून हवा भरलेला टायर स्वतः मोजावा. त्या त्रिज्येत ४० मि.मी. मोकळीक मिळवून, म्हणजे सुमारे ४६० मि.मी.वर, पट्टीला भोक पाडून पेन्सिल घालायची. पत्र्यावर आधी कागदी चिकटपट्टी लावून ठेवली असेल, तर आस नेहमीच्या उंचीवर असताना एक कंस, अर्ध्या प्रवासावर दुसरा आणि पूर्ण दबल्यावर तिसरा, असे तीन कंस त्यावर उमटतात. त्या तिघांना बाहेरून कवेत घेणारी रेषा ही तुमची हद्द. ४० मि.मी. काहींना जास्त वाटतील, पण चिखलाचा थर, टायरमध्ये अडकलेला दगड आणि कधी बर्फासाठी लावलेली साखळी या सर्वांना तेवढी जागा लागते.

हे तीन कंस काढले की एक गोष्ट डोळ्यांना दिसते, जी कागदावर सुचत नाही. या गाडीच्या मागच्या पाट्यांचा पुढचा डोळा स्थिर असतो आणि मागचे टोक शॅकल या झुलत्या दुव्यावर असते. पाटा दबून चपटा होताना लांब होतो आणि आसेला मागे ढकलतो. हे सरकणे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचेच असते, पण त्यामुळे वरच्या कंसाचा मध्य खालच्याच्या मागे जातो आणि कमानीच्या मागच्या बाजूला जास्त जागा लागते. उभ्या गाडीत चाक कमानीच्या मध्यात छान दिसते म्हणून दोन्हीकडे सारखे कापले, तर नेमका मागचा वरचा कोपरा घासतो. पुढच्या आसेचे उलट आहे. तेथे कॉइल स्प्रिंग आहेत आणि आस मागे चौकटीला जोडलेल्या रेडियस आर्मवर, म्हणजे लांब दांड्यांवर, झुलते. आस आर्मच्या बिजागराखाली असल्याने वर येताना ती किंचित पुढे जाते.

दुसरी तपासणी कलण्याची. एक चाक पूर्ण वर आणि त्याच आसेवरचे दुसरे पूर्ण खाली, अशी अवस्था ओढे-नाले ओलांडताना सतत येते. दोन चाकांमधील रुंदी सुमारे १४५० मि.मी. धरली आणि त्यांच्या उंचीत २५० मि.मी. फरक पडला, तर आस जवळपास १० अंशांनी कलते. वर गेलेल्या टायरचा माथा तेव्हा सुमारे ७० मि.मी. आत, म्हणजे चौकटीच्या बाजूला झुकतो. याचा अर्थ असा की दोन्ही चाके एकदम सरळ वर येतात तेव्हा धोका बाहेरच्या पत्र्याला असतो आणि गाडी तिरकी होते तेव्हा आतल्या पत्र्याला. पुष्कळ जण गाडीचे एक चाक उतारावर चढवतात, टायर बाहेरच्या कडेला लागत नाही हे पाहून समाधान मानतात आणि पुढे दोन्ही चाके एकदम आदळली की बाहेरची कड टायरमध्ये रुतते. दोन्ही तपासण्या कराव्यात, त्याही प्रत्यक्ष टायर आणि प्रत्यक्ष रिम बसवून. टायरच्या खांद्याला ओला खडू फासला की तो आत कोठे टेकतो हे लगेच कळते.

रिमचा उल्लेख मुद्दाम केला. सुरुवातीच्या काळात मी एक गाडी तिच्या जुन्या रिमवर मापून कापली होती आणि मालकांनी नंतर त्याच मापाचे टायर अधिक बाहेर येणाऱ्या रिमवर चढवले. टायर जेमतेम इंचभर बाहेर आला, पण तेवढ्याने त्याचा खांदा कमानीच्या आत वळवलेल्या कडेच्या, म्हणजे दुमडीच्या, रेषेत आला आणि पहिल्याच प्रवासात रबराची सालटे निघाली. चूक माझीच होती, कारण रिम कायम राहणार का, हे मी विचारलेच नव्हते. आता टायर आणि रिम हातात आल्याशिवाय मी रेषा आखत नाही.

हद्दीची रेषा हीच कापण्याची रेषा नव्हे. हद्द सांगते की याच्या आत पत्रा नको. डोळ्यांना सुबक दिसणारी कमान त्या हद्दीबाहेर कोठेतरी बसवायची असते. एका बाजूला रेषा मनासारखी झाली की तिचा पुठ्ठ्याचा साचा काढा आणि तो उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा. येथे एक अडचण हमखास येते. जुन्या बॉडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. दाराच्या कडेपासून आसेच्या मध्यापर्यंतचे अंतर डावी-उजवीकडे सेंटिमीटरने वेगळे निघाले तर दचकू नका. अशा वेळी साचा दाराच्या कडेवरून न लावता आसेच्या मध्यावरून लावावा, कारण कमानीत चाक मध्यात नसेल तर ते लांबूनही खटकते, दाराजवळची पट्टी कमी-जास्त असली तर कोणाच्या लक्षात येत नाही. मग पाच-सहा मीटर मागे जाऊन, गुडघ्यावर बसून पाहा. मी रेषा आखून ती रात्रभर तशीच ठेवतो. सकाळच्या तिरप्या उजेडात दोनदा तरी ती बदलली आहे.

आता पत्र्याच्या रचनेकडे वळू, कारण खरे काम तेथे आहे. मागच्या कमानीची कड म्हणजे एका पत्र्याचा काठ नव्हे. बाहेरचा क्वार्टर पॅनेल आणि आतले चाकघर असे दोन पत्रे तेथे एकत्र येतात आणि स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. या सांध्यामुळे दोघे मिळून पेटीसारखा ताठपणा देतात आणि चाकाने उडवलेले पाणी, चिखल व एक्झॉस्टचा धूर गाडीच्या आत येत नाही. तुम्ही कड वर सरकवता तेव्हा हा सांधा पूर्ण कापून टाकता. जुन्या कडेशी दोन पत्र्यांतले अंतर शून्य असते. जसजसे वर जाल तसतसे ते वाढते आणि नव्या रेषेवर काही ठिकाणी दोन-तीन बोटे मावतील इतकी फट उघडते. ती बंद न करता वरून फ्लेअर लावून दिलेल्या गाड्या मी किती उघडल्या असतील याची गणती नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये भरलेला ओला चिखल आणि खालून जाळी झालेला पॅनेल, हे दृश्य प्रत्येक वेळी तेच.

कापण्यापूर्वी बॅटरी सोडा, आतली बैठक, गालिचा आणि अस्तर काढा, मागचे वायरिंग बाजूला घ्या. पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या याच भागात आहेत. टाकी उतरवून दूर ठेवणे हाच माझ्या मते एकमेव मान्य उपाय आहे, ओले फडके टाकून काम उरकू नये. काचाही झाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि ते ठिपके कशानेही निघत नाहीत.

पहिली कापणी अंतिम रेषेच्या एक इंच खाली, कच्ची करा. एवढ्याने आतले सगळे दिसते. जुना सीलर, पूर्वी कोणीतरी लावलेली ठिगळे, पुट्टीखाली लपलेला गंज यांतले काही सापडले तर रेषा बदलायला अजून वाव असतो. पातळ १ मि.मी.ची कटिंग चकती लांब कंसावर चालते, पण तिने कोपऱ्यांवर चीर रेषेपुढे जाते, म्हणून कोपऱ्यांवर आधी ८ मि.मी.चे भोक पाडून घ्यावे आणि तेथे हवेवर चालणारी बारीक करवत वापरावी. करवतीने पत्रा तापत नाही हा तिचा मोठा गुण. कापलेले तुकडे टाकू नका. वक्र आणि जाडी दोन्ही मूळचीच असल्याने पुढे फट भरायला तेच उपयोगी पडतात.

बाहेरच्या पत्र्यावर अंतिम कापणी करताना कमानीच्या आत दुमडण्यासाठी १२ मि.मी. पत्रा सोडायचा. नुसती कापलेली कड पात्यासारखी असते. टायर तिला लागला तर सरळ चिरतो आणि हातही कापतो. शिवाय दुमड नसलेला पॅनेल काठावर लपलपतो. पण ही दुमड घालताना पत्र्याचे काय होते हे समजून घ्यावे. उघडीच्या काठावरचा पत्रा आत वळवला की लहान वर्तुळावरची कड मोठ्या वर्तुळावर जाते, म्हणजे ती ताणली जाते. ४६० मि.मी. त्रिज्येच्या कमानीत १२ मि.मी.च्या दुमडीची कड ४४८ वरून ४६० वर जाते. हा ताण तीन टक्क्यांहूनही कमी, आणि मऊ पोलाद तो सहज सोसते. पण खालच्या कोपऱ्यात तुम्ही ६० मि.मी.ची त्रिज्या ठेवली, तर तीच कड ४८ वरून ६० वर जायला हवी, म्हणजे तब्बल २५ टक्के ताण. पन्नास वर्षे जुना, काठावर करवतीचे दाते उमटलेला पत्रा तेथे फाटतो. त्यावर उपाय दोन आहेत. कोपऱ्याची त्रिज्या मोठी ठेवा, किंवा कोपऱ्यात दुमड ६ मि.मी.पर्यंत निमुळती करा. मग ताण ११ टक्क्यांवर येतो. दोन्ही केले तर उत्तम. वळवण्यापूर्वी कड कानशीने आणि मग पॉलिश पेपरने अशी गुळगुळीत करा की नख अडकता कामा नये, कारण चीर नेहमी अशा बारीक खाचेतूनच सुरू होते.

दुमड एका दमात घालू नका. आतून डॉली, म्हणजे हातोड्याला आधार देणारा लोखंडी ठोकळा, धरून पहिल्या फेरीत ३० अंश, दुसऱ्यात ६० आणि तिसऱ्यात ९०, असे सगळ्या कमानीभर फिरत जावे. हातोडा डॉलीच्या काठावर, हलका आणि जवळ जवळ पडला पाहिजे. एकाच जागी ठोकत राहिलात तर कड लाटेसारखी होते आणि ती लाट पॅनेलच्या दर्शनी भागात चढते. आवाजावरूनही अंदाज येतो. मागे डॉली नीट टेकलेली असेल तर ठोका घट्ट वाजतो, निसटली असेल तर पोकळ.

मग आतला पत्रा. दोन पत्र्यांतली फट साधारण २० मि.मी.पर्यंत असेल, तर आतल्या पत्र्याच्या सोडलेल्या काठाला दर २५ ते ३० मि.मी.वर उभ्या चिरा द्यायच्या, प्रत्येक चिरेच्या मुळाशी ३ मि.मी.चे भोक पाडायचे म्हणजे चीर पुढे धावत नाही, आणि तयार झालेल्या जिभा एकेक करून बाहेरच्या दुमडीवर टेकवायच्या. जिभा बाहेर वळताना चिरा उघडतात आणि त्रिकोणी फटी पडतात, त्या तुकडे घालून भराव्या लागतात. फट याहून मोठी असेल तेथे मी जिभांच्या नादाला लागत नाही. ओढून-ताणून आणलेला पत्रा बाहेरच्या पॅनेलला सतत आत खेचत राहतो आणि रंग झाल्यावर काठाजवळ एक उथळ खळगा दिसू लागतो. अशा ठिकाणी ०.९ मि.मी. जाडीची नवी पट्टी, पुठ्ठ्याचा साचा काढून, तीन-चार तुकड्यांत बनवावी. तिची एक कड दुमडीवर बसेल आणि दुसरी चाकघराच्या पत्र्यावर १५ मि.मी. चढेल, इतकी रुंदी हवी. वेळ जास्त लागतो, पण पत्रा आपल्या जागी ताणाविना बसतो.

दोन्ही पत्र्यांचे जे भाग एकमेकांवर येणार, तेथला रंग काढून वेल्डिंग चालणारा जस्तयुक्त प्रायमर लावा. एकदा सांधा बंद झाला की आत ब्रश पोहोचत नाही. वरच्या पत्र्याला दर २५-३० मि.मी.वर ६ ते ८ मि.मी.ची भोके पाडून, व्हाइस ग्रिपने घट्ट आवळून, ती मिग वेल्डिंगने भरावीत (हेच प्लग). ०.६ मि.मी.ची तार या पत्र्याला पुरते. प्लग भरताना ठिणगी भोकाच्या मध्यावर, खालच्या पत्र्यावर पाडून बाहेर फिरवत यायचे; कडेवर पाडली तर वरचा पत्रा वितळतो आणि खालचा पकडतच नाही. टाके एका ओळीत घेऊ नयेत. एक मागच्या टोकाला, एक पुढच्या, एक मध्यावर, मग उरलेल्या अंतरांच्या मध्यावर. प्रत्येक टाक्यानंतर हात पत्र्यावर ठेवता येईल इतका तो निवू द्यावा. माझा पहिला क्वार्टर पॅनेल घाईत सलग वेल्ड मारल्याने तळलेल्या पापडासारखा झाला होता आणि तो सरळ करण्यात कापण्याच्या तिप्पट वेळ गेला. वेल्ड निवताना आकसतो, म्हणून टाका अजून कोमट असताना डॉलीवर हलके ठोकून थोडा पसरवला की ओढ कमी होते.

पॉप रिव्हेट मारून वर सिलिकॉन भरण्याची पद्धत सुचवली जाते. ताठपणाच्या दृष्टीने ती कमजोर आहेच, पण सिलिकॉनचा आणखी एक दोष आहे. व्हिनेगरसारखा वास येणारे साधे सिलिकॉन घट्ट होताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि उघड्या पोलादाला गंज चढवते. वर त्यावर रंगही धरत नाही. आधी इपॉक्सी प्रायमर, मग बॉडीसाठीचा पॉलियुरेथेन सीलर, मग रंग, हा क्रम ठेवा. रंग पूर्ण वाळल्यावर दोन पत्र्यांमधील पोकळीत आतून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारे मेण, मारा. खालच्या कोपऱ्यांतील पाणी निघून जाण्याची भोके सीलरने बुजवली गेली नाहीत ना, हे तारेने टोचून पाहा.

साडेबारा इंची टायर पत्र्याबाहेर डोकावणारच आणि बहुतेक ठिकाणचे वाहन नियम टायर झाकलेला असावा असे सांगतात, तेव्हा फ्लेअर लागेल. फ्लेअरची भोके रंगाआधी पाडावीत म्हणजे त्यांच्या कडांनाही प्रायमर पोहोचतो. फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी लावू नका, ती स्पंजसारखी पाणी धरून ठेवते. भरीव रबराची पायपिंग चालते आणि खालचे टोक उघडे ठेवावे म्हणजे चिखल धुऊन काढता येतो.

पुढच्या मडगार्डांना सहसा इतके कापावे लागत नाही, पण तेथे तपासणी वळणाची आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवले की वळणाच्या बाहेरच्या चाकाची मागची कड बाहेर येते आणि मडगार्डाच्या मागच्या खालच्या कोपऱ्याकडे जाते, तर आतल्या चाकाची मागची कड रेडियस आर्मकडे. मडगार्ड कापता येते, आर्म कापता येत नाही. टायर आर्मला लागत असेल तर स्टिअरिंगचा थांबा वाढवावा आणि वळण थोडे मोठे झाले ते मान्य करावे.

सिरीज लँड रोव्हरसारख्या ॲल्युमिनियमच्या बॉडीला मापाचा भाग तसाच लागू आहे, जोडणीचा नाही. तेथे पोलादाची पट्टी थेट लावली तर ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून भरणीची पट्टीही ॲल्युमिनियमचीच घ्यावी आणि पोलाद टाळता येत नसेल तेथे मध्ये सीलरचा थर ठेवावा.

टायर बदलल्यावर वेगमापक मागे पडेल. ३१ वरून ३३ वर गेल्यास मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६४ च्या आसपास धावत असते. ब्रेकवर भार वाढतो आणि गिअर जड वाटू लागतात. तो विषय वेगळा आहे, पण खर्चाच्या अंदाजात धरून ठेवा.

पाटे पुन्हा भरून गाडी जमिनीवर आली की फ्लेअर लगेच लावू नका. दुमडीच्या आतल्या बाजूला आणि चाकघराच्या माथ्याला मॅट काळा रंग मारा, दोन-चार माणसे मागे बसवून एक दिवस खडबडीत वाटेवर गाडी चालवा आणि परत आल्यावर टॉर्च लावून पाहा. टायर जेथे टेकला असेल तेथे काळा रंग घासून चकचकीत झालेला दिसेल. खूण दुमडीवर असेल तर ती त्या जागी आणखी आत दाबून पत्र्याला चिकटवता येते. चाकघराच्या माथ्यावर असेल तर बंप स्टॉपखाली १० मि.मी.ची चकती घाला आणि तीच फेरी पुन्हा मारा.